आजोबांचं लेथचं शॉप १/२४ मध्ये करायचंय, आत सगळं दिसायला हवं. सुरुवात कुठून करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की आजोबांचं बडोद्यात प्रतापनगरच्या बाजूला बारा बाय अठरा फुटांचं लेथचं, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापायच्या मशीनचं, शॉप होतं, ते विकलं गेलं, आता तिथे कुणाचं तरी गोडाऊन आहे. हातात १९७८ च्या आसपासचे तीन ब्लॅक अँड व्हाइट फोटो उरलेत आणि तुला ते शॉप आतल्या सामानासकट चोवीस पट छोटं करून आईला द्यायचंय. किट मागवू का, लाईट कसे लावू, हत्यारं किती करू, आजोबांचा पुतळा ठेवू का, असं विचारलंयस. मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, टूलरूममध्ये अठ्ठावीस वर्षं काढली आणि त्यातली वीसेक वर्षं रविवारी हाच उद्योग केला, म्हणून जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बस.

आधी माझी फजिती सांगतो म्हणजे पुढचं पटेल. माझं पहिलं लेथ शॉप मी सात महिने खपून केलं होतं, एकशे चाळीस हत्यारं, पाने, फाइली, हॅकसॉ, अगदी मायक्रोमीटरची डबीसुद्धा. आमच्या टूलरूममधले एक रिटायर झालेले गुजराती मिस्त्री होते, त्यांना कौतुकाने घरी बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोन मिनिटं आत बघितलं आणि म्हणाले, "आमां कोई काम नथी करतुं." म्हणजे ह्यात कुणी काम करत नाही. मग बोटाने एकेक दाखवत गेले. बुरादा, म्हणजे धातू कापताना पडणारा कीस, मी अख्ख्या फरशीवर सारखा पसरला होता, सेवउसळीवर सेव भुरभुरतात तसा, आणि खरा बुरादा पडतो तो चकच्या (तुकडा धरून फिरवणारा गोल भाग) खाली ट्रेमध्ये आणि कारागीर उभा राहतो त्या बाजूला, टेलस्टॉककडे, म्हणजे लेथच्या उजव्या टोकाच्या आधाराकडे, जवळपास काहीच नसतं. व्हाइस (शिकंजा) मी बेंचवर चांगला आत बसवला होता, तर तो कडेला हवा आणि त्याचा आतला फिक्स जबडा बेंचच्या कडेच्या जरा बाहेर आलेला हवा, नाहीतर लांब जॉब, म्हणजे काम चालू असलेला तुकडा, उभा धरायचा कसा? आणि ग्राइंडर ठेवला होता लेथला खेटून. ग्राइंडरची धूळ लेथच्या बेडवर बसली तर स्लाइड खाऊन टाकते, कुठलाही शहाणा माणूस तो तिथे ठेवणार नाही. एकशे चाळीस हत्यारं केली त्याबद्दल एक शब्द नाही. मी मनातून खूप चिडलो होतो, आठवडाभर तो डबा उघडला नाही, पण माणूस बरोबर बोलला होता.

तेव्हापासून मी वस्तू मोजत नाही, हात कुठे पोचतो ते मोजतो. तू पण तेच कर. त्या तीन फोटोंसमोर कागद घेऊन बस आणि आजोबा लेथसमोर उभे आहेत असं धरून लिही की उजवा हात लांब केला की काय सापडायचं, मागे वळलं की काय, चकची चावी कुठे टांगलेली, चहाचा ग्लास कुठे (लेथच्या हेडस्टॉकवरच, म्हणजे चक बसतो त्या डाव्या ठोकळ्यावर असणार, सगळे तिथेच ठेवतात). आईला विचार, मामांना विचार, जुना एखादा कारागीर जिवंत असेल तर त्याला गाठ. हे काम दोन रविवार खाईल आणि ह्यात एक रुपया लागत नाही म्हणून लोक ते सोडून थेट खरेदीला पळतात.

मापाचं बघू. १/२४ चांगलं निवडलंस, हिशोब अगदी सोपा, एक फूट म्हणजे अर्धा इंच. तुझं शॉप सहा इंच बाय नऊ इंच होईल, टेबलावर आरामात बसेल. साडेपाच फुटी माणूस ७० मिलिमीटर. १/३५ मध्ये तोच माणूस ४८ चा होतो आणि हत्यारं करताना डोळे फुटतात, १/१२ घेतलंस तर हेच शॉप फूट बाय दीड फूट होईल, मग ते ठेवायचं कुठे यावरून घरात भांडणं. फोटोवरून मापं काढायची तर विटा मोज. आपल्याकडची जुनी वीट नऊ बाय साडेचार बाय तीन इंचाची, म्हणजे मसाल्यासकट साधारण चार थर म्हणजे एक फूट. प्लास्टर असेल आणि विटा दिसत नसतील तर दार पकड, सात फूट. थोडी चूक राहील, राहू दे, आई स्केल लावून बघणार नाहीये.

आता कात्री हातात घ्यायच्या आधी नजर ठरव. म्हणजे बघणारा माणूस कुठून आत बघणार? चारही बाजूंनी सगळं दिसायला हवं म्हणशील तर काहीच नीट दिसणार नाही. माझं मत विचारशील तर पुढचं शटर अर्ध्याच्या वर उचललेलं ठेव, उजवीकडच्या भिंतीत एक मोठी खिडकी, आणि छप्पर उचलून काढता येईल असं. बाकी बंद. जुन्या बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची अख्खी खोली अर्ध्या तासात सेलोटेपने जोड, लेथ म्हणून खोडरबर ठेव, बेंच म्हणून काडेपेटी, आणि शटरमधून मोबाइलच्या कॅमेऱ्याने आत फोटो काढ. त्या फोटोत जे दिसत नाही ते बनवायचं नाही. मी त्या पहिल्या मॉडेलमध्ये दाराच्या मागच्या कोपऱ्यात वेल्डिंगचा अख्खा सेट केला होता, होज पाइपसकट, तो आजपर्यंत माझ्याशिवाय कुणी बघितलेला नाही.

एक युक्ती मोठ्या लोकांकडून उचललेली आहे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये थॉर्न रूम्स म्हणून ६८ छोट्या खोल्या आहेत, १/१२ च्या, १९३२ ते १९४० च्या दरम्यान बनवून घेतलेल्या. फोटो बघ, बहुतेक खोल्यांत एखादं दार किंवा खिडकी अशी असते की पलीकडचं थोडंसं दिसतं आणि उजेड तिकडून येतो, त्यामुळे खोली डब्यासारखी वाटत नाही. तुझ्या शॉपलाही मागे अंगणाचं दार असेलच, ते चार बोटं उघडं ठेव, मागे एक पिवळट भिंत आणि उजेड, बस. आणि हो, घरचे हसले तर सांग की आपल्याच कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १८९२ ला अहमदाबादच्या प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाचं मॉडेल करून सुवर्णपदक मिळवलं होतं, बडोद्यात हे खूळ नवीन नाही.

भिंतींना ५ मिलिमीटरचा सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) घे, रावपुऱ्यात स्टेशनरीवाल्याकडे मिळतो. १/२४ मध्ये तो साधारण साडेचार इंची भिंतीएवढा होतो, नऊ इंची हवी तर दोन थर. थर्माकोल वापरलास तर स्प्रे पेंट थेट मारू नको, विरघळून जाळी होते, आधी फेविकोलचा हात दे. खालचा बेस १२ मिलिमीटर एमडीएफ, पण त्याच्या कडा आणि खालची बाजूसुद्धा रंगवून सील कर, आपल्याकडच्या पावसाळ्यात एकाच बाजूने रंगवलेला बोर्ड पापडासारखा वाकतो. भिंतीला खालून चार फुटांपर्यंत, म्हणजे ५१ मिलिमीटर, ऑइल पेंटचा हिरवट किंवा राखाडी पट्टा आणि वर चुना. चुन्याचा भाग धुरकट कर, विशेषतः स्विचच्या भोवती आणि दाराच्या चौकटीला जिथे तेलकट हात लागतात तिथे.

छपराचे पत्रे हा माझा आवडता भाग आहे. खऱ्या पत्र्याच्या दोन लाटांमध्ये तीन इंच अंतर असतं, म्हणजे आपल्याला ३.२ मिलिमीटर हवं. एम २४ चा, म्हणजे २४ मिलिमीटर जाड, आटे पाडलेला रॉड असतो ना, त्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बरोबर ३ मिलिमीटर. हॉटेलच्या पार्सलचा ॲल्युमिनियमचा डबा कापून सपाट कर, त्या रॉडवर ठेवून जुन्या माउसपॅडच्या रबराने दाबत दाबत पुढे सरकव, पत्रा तयार. आटा जरा खोल आहे पण पत्रा पूर्ण आत जात नाही, त्यामुळे लाट दिसायला बरोबर येते. रॉड हार्डवेअरच्या दुकानात फूटभर मिळेल. हे जमलं नाही तर छोट्या खोक्यांचा बारीक लहरीचा पुठ्ठा भिजवून वरचा कागद सोलून काढ, तोही जवळपास त्याच मापाचा असतो, शटरलाही तोच चालेल.

लाईट. मोबाइलचा जुना ५ व्होल्टचा चार्जर वापर, प्रत्येक घरात चार पडलेले असतात. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, उरलेल्या दोनासाठी प्रत्येक एलईडीला स्वतःचा ३९० किंवा ४७० ओहमचा रेझिस्टर लाव, चार-पाच मिलिअँपिअर करंट जाईल आणि तेवढा उजेड पुरतो, जास्त दिलास की शॉपचं ऑपरेशन थिएटर होतं. लेथवर लोंबणारा एक पिवळा बल्ब, म्हणजे वॉर्म व्हाइट, आणि खिडकीच्या बाहेर बटर पेपरच्या मागे एक थंड पांढरा एलईडी, तो दिवसाचा उजेड. पिवळा आणि निळसर असे दोन उजेड लेथवर भेटले की लोक आपोआप वाकून आत बघायला लागतात. ट्यूबलाईट हवी असेल तर ५० मिलिमीटर लांब आणि दीड मिलिमीटर जाड पारदर्शक काडी, टोकाला एलईडी. जुन्या मोटरची बारीक तांब्याची तार वायर म्हणून छान, फक्त तिच्यावर इनॅमल असतं, ते टोकाला खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. भिंती आणि छपराला बाहेरून आधी काळा हात मारून मग वरचा रंग दे, नाहीतर उजेड भिंतीतून झिरपतो आणि अख्खं शॉप आकाशकंदिलासारखं दिसतं. आणि छप्पर चिकटवू नको. मी एकदा चिकटवलं, तिसऱ्या दिवशी बल्ब गेला, पुढचं सांगत नाही.

लेथ स्वतः कर. किट मागवू का म्हणालीस, तर गॅरेजची किट्स मिळतात, चांगलीही असतात, पण त्यात परदेशी टूल ट्रॉल्या आणि कार लिफ्ट असतात, आजोबांच्या शॉपशी त्याचा संबंध काय? फार तर फाइली नि पाने किटमधून घे. सहा फुटी लेथ म्हणजे ७६ मिलिमीटर. बॉडी सनबोर्डाच्या पट्ट्यांची, त्यावर पातळ प्लास्टिक. आठ इंची चक म्हणजे ८ मिलिमीटरच्या आसपास, दोन वॉशर आणि एक शर्टाचं छोटं बटण एकावर एक. लीडस्क्रूला, म्हणजे लेथच्या समोरच्या लांब आटेवाल्या रॉडला, गिटारची सगळ्यात जाड तार, ती सव्वा मिलिमीटरच्या आत-बाहेर असते आणि तिच्यावर गुंडाळलेली तार हुबेहूब आट्यांसारखी दिसते, मला हे सुचलं त्या रात्री झोप लागली नव्हती. हँडव्हील मंगळबाजारात इमिटेशन ज्वेलरीच्या सामानात शोध, नाहीतर घड्याळजीकडे जुन्या रिस्टवॉचच्या चाव्या आणि चाकं मूठभर मिळतात. हेडस्टॉक डावीकडे, उलटा करू नको, हसू नको, एकाने फोटो आरशासारखा प्रिंट करून तसा केला होता.

बेंचची उंची ३५ मिलिमीटर ठेव. आणि व्हाइसचा वरचा भाग कोपराच्या उंचीला येतो, फिटरला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, म्हणजे तुझ्या मापात ४४ च्या आसपास. दोनशे लिटरचं ड्रम २४ बाय ३७ मिलिमीटर. खिडकीच्या काचेला मायक्रोस्कोपची कव्हर स्लिप लाव, ती खरी काच आहे आणि एखादी तडकवली तर तडाही खरा दिसतो. काच किंवा ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिक) कधी फेविक्विकने चिकटवू नको, त्याच्या वाफेने पांढरी बुरशी आल्यासारखी धुरी धरते आणि ती जात नाही, फेविकोलचा टिपका पुरे.

आता मळ, म्हणजे अर्धं काम. लोक सगळ्यावर गंज चढवतात. चालू शॉपमध्ये गंज फार नसतो, तेल असतं. फरशी काळपट आणि जिथे पाय फिरतात तिथे किंचित चकचकीत, भिंतीच्या कडेला मात्र कोरडी मॅट धूळ, कारण तिथे झाडू नीट पोचत नाही. लेथसमोर लाकडी पाट्यांची जाळी टाक, तिची मधली दोन पाटं झिजून उजळ झालेली, कडेची काळी. चिकट काळा रंग म्हणून निव्वळ काळा वापरू नको, एवढ्या छोट्या मापात तो भोक पडल्यासारखा दिसतो, गडद राखाडीत जरा तपकिरी घाल. पिगमेंट विकत घ्यायची गरज नाही, गेरू, वस्त्रगाळ केलेला कोळसा आणि टाल्कम पावडर एवढ्यात मी वीस वर्षं भागवलं.

बुराद्याचं स्वतंत्र सांगायला हवं. कास्ट आयर्नचा बुरादा भुकणीसारखा पडतो, पितळेचे बारीक कण उडतात आणि माइल्ड स्टीलची लांब गुंडाळी निघते, गरम झाली की निळसर जांभळी. तेव्हा आजोबा काय टर्न करायचे ते आधी शोध. गुंडाळ्यांसाठी ०.१ मिलिमीटरची तांब्याची तार शिवणाच्या बारीक सुईवर गुंडाळून काढ, छोटे तुकडे कर, स्टीलचा रंग आणि एखाद्यावर निळ्याची झाक. भुकणीसाठी मी एकदा कंपनीतला खरा बुरादा मलमलीतून चाळून पाणी घातलेल्या फेविकोलने चिकटवला, दिसायला काय सुंदर, आणि जुलै संपेपर्यंत अख्खा ढीग तपकिरी. पाण्याचा गोंद आणि लोखंडाची पूड म्हटल्यावर दुसरं काय होणार, टूलरूमच्या माणसाला हे कळायला नको होतं का? तेव्हा पेन्सिलचं शिसं घासून वापर, नाहीतर खरी पूड घेतलीस तर वॉर्निशने चिकटव.

हत्यारं किती, तर माझ्या हिशोबाने तीसेक पुरतात. त्यातली आठ-दहा नीट कर, जी नजरेच्या रेषेत आहेत, बाकीची नुसते आकार. पाने कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्यातून कापता येतात, सहा-सात मिलिमीटरचे. भिंतीवरच्या बोर्डावर हत्यारांच्या मागे त्यांच्या आकाराची रेघ काढलेली असेल तर एकदोन जागा रिकाम्या सोड, तिथली हत्यारं लेथवर दिसू देत.

भिंतीवर काय, हे फोटोत नीट बघ. १९७८ म्हणजे कालनिर्णय चालेल, ते १९७३ ला सुरू झालं, पण शॉप ६८ सालचं दाखवणार असशील तर नाही. लाकडी बॅटनवरचं वायरिंग, एक मिलिमीटरची पट्टी आणि त्यावर तार, लोखंडी मेन स्विच, पांढरे चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. पेन्सिलने भिंतीवरच केलेले हिशोब. आणि खंडेनवमी-दसऱ्याला मशीनची पूजा होतेच आपल्याकडे, तेव्हा हेडस्टॉकवर कुंकवाचं पुसट स्वस्तिक आणि वर वाळलेली झेंडूची माळ, केशरी नको, तपकिरी, दिवाळीनंतर कुणी काढलेली नसते ती. माळेला नारंगी दोऱ्याच्या गाठी मारून कॉफीच्या पाण्यात बुडव.

एवढं सगळं करायला रविवार-रविवार करून मला पाच महिने लागतात, पहिल्यांदा करणाऱ्याला सात-आठ धर. खर्च माझा लाईटसकट तीन-चार हजारांत भागतो, त्यावर ॲक्रिलिकची पेटी वेगळी, ती करूनच घे, धूळ काढायचं ह्या मापाचं ब्रश अजून निघालेलं नाही. आणि ठेवायचं कुठे तर शोकेसच्या खालच्या कप्प्यात नको, बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत शटर यायला हवं, नाहीतर वरून बघताना ते शॉप नाही, भातुकली वाटते.

राहिला पुतळा. ठेवू नको असं मी म्हणेन. ह्या मापात मेकॅनिकचे पुतळे मिळतात ते परदेशी डांगरी घातलेले, आजोबा पायजमा आणि बनियनवर असतील. समजा मातीतून स्वतः केलास, तरी साताठ मिलिमीटरच्या डोक्यावर त्यांचा चेहरा येणार नाही, आणि घरातलं प्रत्येक माणूस आधी चेहराच बघणार, मग लेथ राहिला बाजूला. त्यापेक्षा चकमध्ये अर्धवट टर्न केलेला जॉब लाव, एका बाजूला चकचकीत आणि दुसऱ्या बाजूला अजून काळी साल असलेला. अर्धा ग्लास चहा ठेव. आणि चष्मा, ०.२ च्या तारेचा, सहा मिलिमीटरचा. तो बेंचवर असायचा की लेथच्या ट्रेमध्ये की खिडकीत, ते आईला नक्की आठवत असेल. तिला सरप्राइज द्यायचंय हे कळलं, पण एवढं एक आडून विचारून घे आणि उत्तर मिळेपर्यंत चष्मा डबीतच राहू दे.